चौगुले सरांचा भारा

चौगुले सर मला पहिल्यांदा दिसले ते एका सुरूच्या झाडाला मिठी मारून उभे असलेले. राजारामपुरीतल्या एका जुन्या बंगल्याचं आवार, भर दुपार. गाल खोडाला टेकलेला, चष्मा कपाळावर गेलेला आणि दोन्ही हात झाडामागे काहीतरी चाचपडत होते. मी नोकरीच्या मुलाखतीला आले होते. पत्ता चुकला असं वाटून परत फिरणार, तेवढ्यात ते ओरडले, "पावणं, जरा त्ये टोक धरा की! किती वेळ मिठी मारून उभा राहू? माणसं बघाय लागल्यात."

टोक म्हणजे टेपचं. मी पर्स खांद्यावर सरकवली, झाडामागे गेले, टोक ओढून त्यांच्या हातात दिलं.

"किती आलं?"

मी आकडा वाचला.

"मिलिमीटर सोडलासा."

मी मिलिमीटरसकट परत वाचला.

"झाली मुलाखत," ते म्हणाले आणि झाडाला सोडून शर्टावरचा भुसा झटकला. "आत या, चहा घ्या. पगार बेताचा हाय, आदीच सांगतो. मागनं बोंब नको."

मी तेव्हा एका कॉलेजात तासाच्या हिशेबावर संख्याशास्त्र शिकवत होते. मुलगा शाळेत, नवऱ्याची नोकरी कागलला, आणि तासाच्या हिशेबावर घर चालत नाही. म्हणून आले आणि राहिले. अहोजाहो दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मी 'सुनंदा' झाले.

संस्था म्हणजे दोन खोल्या, एक संगणक, गच्चीवर पावसाचं मापक आणि सर. काम होतं लावलेल्या जंगलांच्या वाढीचं गणित मांडायचं. झाड आज एवढं आहे, तर दहा वर्षांनी केवढं असेल? एका हेक्टरात किती झाडं ठेवली तर किती लाकूड मिळेल? मधली कधी काढायची, उरलेली कधी तोडायची? लावणाऱ्याला हे आधी कळावं लागतं. ऊस चुकला तर पुढच्या हंगामात सुधारता येतो. पाइन चुकलाय हे कळायलाच पंधरा वर्षं जातात.

सर उत्तरेत शिकलेले, मग परदेशात थंडीच्या मुलखात पाइनच्या जंगलांत काम करून आलेले. डॉक्टरेट होती. बोली मात्र शिरोळ तालुक्यातून निघाले तेव्हा जी होती तीच. परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलतानाही वाक्याच्या शेवटी 'की' लावत, आणि ते पाहुणे मान डोलवत. खिशात जयसिंगपूरच्या भडंगाची पुडी कायम असायची. आकडेमोड करताना ते खात, आणि रोज सकाळी कीबोर्ड उलटा करून शेंगदाण्याची सालं झाडणं हे माझं पहिलं काम असे.

अवघड गोष्ट सोपी करून सांगायची त्यांची एक तऱ्हा होती. दाट लावलेलं जंगल वेळेत विरळ करावं लागतं, हे मी वर्गात सांगायला गेले असते तर फळाभर समीकरणं लिहिली असती. सर म्हणायचे, "तालमीत चाळीस पोरं घेतली आन खुराक वीस जणांचा ठेवला, तर चाळीसच्या चाळीस काटकुळी ऱ्हात्यात. वेळेत वीस घरी धाडली की उरलेली वीस पैलवान हुत्यात. पर धाडायची कुणाला ह्ये आपण ठरवायचं, आन ज्याला धाडलं त्याच्या आईला तोंडबी आपणच द्यायचं."

मी आलेखावर छान रेघ बसवून दाखवली की ते खूश होण्याऐवजी अस्वस्थ होत. "लई गुळगुळीत आली रेघ. मला झोप लागत न्हाई अशानं." मी म्हणायची, "सर, आकडे जसे आहेत तशी रेघ आली." त्यावर, "झाडानं आपला अहवाल वाचल्याला नसतोय, सुनंदा. त्येला ठाऊकच न्हाई त्यानं कसं वाढायचं ठरलंय." असली वाक्यं मला तेव्हा वेळकाढूपणा वाटत. मला पाच वाजता बस असायची.

सरांचा जीव ज्या जंगलात अडकला होता ते गगनबावड्याच्या बाजूला, भैरेवाडी नावाच्या गावात होतं. गावानं सोसायटी काढून डोंगराच्या एका उतारावर पाइन लावला होता. कोल्हापुरातल्या फाउंड्र्यांना पेट्यांसाठी आणि साच्यांच्या पॅटर्नसाठी हलकं लाकूड लागतं, ते बाहेरून येतं, ते आपणच पिकवू, अशी कल्पना. कल्पना सरांचीच. सुरुवातीला रोपं पिवळी पडून मरायला लागली, कारण पाइनच्या मुळांना एक बुरशी लागते आणि ती आपल्या मातीत नसते. मग सर दक्षिणेतल्या एका थंड हवेच्या गावी गेले, जुन्या पाइनखालची माती चार पोत्यांत भरली आणि एसटीतून घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, पोत्यांत काय? सर म्हणाले, माती. कंडक्टर म्हणाला, कोल्हापुरात माती संपली व्हय? शेवटी लगेज लावलंच. पण रोपं जगली. ही हकिकत सर प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि दर वेळी कंडक्टरचा आवाज काढून.

पाइन जगला, पण त्याचं एक झालं. पाइनखाली त्याच्या पानांचा, म्हणजे सुयांचा, थर पडतो आणि गवत उगवत नाही. तो उतार गावाचा गवताचा उतार होता. घरोघरी म्हशी, दूध डेअरीला, आणि गवत आणायचं काम बायकांचं. उतार गेला तेव्हा त्यांना खिंडीपलीकडच्या डोंगरावरून भारे आणावे लागायला लागले. सरांनी त्यांना सांगितलं होतं, लाकूड तयार झालं की तोडू आणि निम्मा उतार परत गवताला सोडू. कधी तयार होईल, एवढं सांगणं ही सरांची जबाबदारी. त्यांनी ती स्वतःहून घेतली होती.

या बायकांची पुढारी आनसाक्का. बारीक, काळीसावळी, पन्नाशीच्या पुढची. नवरा लवकर गेला, चार म्हशींवर घर उभं केलेलं. सोसायटीत ती एकटीच बाई होती आणि बैठकीत तिचाच आवाज मोठा. पहिल्यांदा मला बघून म्हणाली, "ही कोण नवी? गणितवाली? मग हिला इचारा, गवत कवा मिळंल त्ये."

त्याचं उत्तर काढायला नमुन्याची झाडं मोजायची असतात. उतारावर ठिकठिकाणी चौकोन आखून त्यातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा, काही वर्षांनी त्याच झाडांचा परत घ्यायचा, आणि मधल्या फरकावरून पुढची वाढ काढायची. पहिली मोजणी सरांनी स्वतः केली होती. दुसऱ्या मोजणीच्या वर्षी त्यांना कावीळ झाली. मी अजून यायची होते. म्हणून सरांनी एक मापाची काठी कापून घेतली, टेप दिला आणि आनसाक्काला सांगून पाठवलं: काठी झाडापाशी उभी करायची, वरच्या टोकाला टेप गुंडाळायचा, आकडा वाचायचा. पहिल्या वेळी मोजल्या जागी खोडांवर मारलेले रंगाचे पट्टे तोवर पावसानं धुऊन गेले होते. अक्का आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी सगळे चौकोन मोजले. एकही झाड सोडलं नाही. मी रुजू झाल्यावर तेच आकडे संगणकावर चढवले, आणि रेघ निघाली ती चढती, गुळगुळीत.

"लई चांगलं आलंय," सर म्हणाले. त्या रात्रीही त्यांना झोप लागली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी बेरीज हातानं परत केली. मीही केली. बेरजेत चूक नव्हती.

त्याच सुमाराला शिरोलीचा एक पेटीवाला गावात आला. आहे तसं बारीक लाकूड सगळं घेतो म्हणाला. बायकांना ते हवं होतं. सोसायटीच्या बैठकीला सर गेले, मी बरोबर होते. सर म्हणाले, आत्ता विरळणी करा, पाच वर्षं थांबा, दुप्पट होईल आणि फळ्या निघतील असं लाकूड होईल.

"पाच वर्सं आमच्या म्हशींनी काय ह्या सुया खायाच्या?" आनसाक्का म्हणाली. बैठक हसली. मग सरांनी तालीम सांगितली, पोरं सांगितली, खुराक सांगितला. गावातले दोघे-तिघे जुने पैलवान होते, त्यांना ते पटलं. अक्का शेवटी म्हणाली, "बरं. तुमी शिकल्याली माणसं. पर पाच म्हंजे पाच हं, सायेब."

पेटीवाला परत गेला. विरळणी झाली. त्यानंतर बाहेरचा पाइन स्वस्त झाला आणि पेटीवाला पुन्हा काही आला नाही.

पाच वर्षांनी तिसरी मोजणी मी केली, कॉलेजातले विद्यार्थी घेऊन. पहिल्याच चौकोनात गडबड. निम्मी झाडं पाच वर्षांपूर्वी होती तेवढीच होती. काही तर त्याहून कमी. मी उतारावरूनच सरांना फोन लावला. "सर, झाडं बारीक झालीत."

"का? डायटवर हायती व्हय?"

"चेष्टा नाही करत मी."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "परत मोज."

परत मोजलं. तेच. दुपारी आम्ही डबे उघडून बसलो असताना अक्का खालून वर आली, आमचं काय चाललंय ते बघायला. माझ्या मनात शंका होती, पण कसली ते कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, "अक्का, तुम्ही त्या वेळी कसं मोजलं होतं, जरा दाखवता?"

तिनं काठी घेतली. झाडाच्या खालच्या अंगानं चढत आली, चढाकडे तोंड करून काठी बुंध्यापाशी रोवली आणि टेप फिरवला. किती वर्षं हेच करतेय असा सराईत हात.

"वरच्या बाजूनं नाही लावली कधी काठी?"

"वरनं? वरनं पाय निसटतोय की बाई. गवत कापतानाबी आमी खालनंच वर जातो. डोंगराकडं त्वांड आसलं म्हंजे पडाय हुत न्हाई."

मी बरं म्हटलं. ती गेल्यावर दहा-बारा झाडं दोन्ही बाजूंनी मोजली. काठी खालच्या अंगाला रोवली की तिचं टोक खोडावर खाली येतं, आणि खाली खोड जाड असतं. वरच्या अंगाला रोवली की टोक वर जातं, तिथं खोड बारीक. म्हणून उतारावरचं झाड नेहमी वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. वनशास्त्राच्या पुस्तकात हे अगदी सुरुवातीला दिलेलं असतं. सरांनी पहिल्यांदा वरून मोजलं होतं, बायकांनी दुसऱ्यांदा खालून. मधला फरक आम्ही वाढ समजून बसलो होतो, आणि त्या वाढीवर गावाला पाच वर्षं थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मी सरांना हे सांगितलं. दोन-तीन वाक्यांत. मला फिरवून बोलता येत नाही. त्यांनी हातातली पुडी टेबलावर ठेवली, खिडकीशी गेले, परत आले.

"अक्काला सांगितलंस?"

"नाही अजून. आधी तुम्हाला."

"सांगू नको."

"का? चूक आहे, सांगायची आणि पुढे जायचं."

"कुणाची चूक? मी तिला काठी दिली, टेप दिला. कुठं उभं ऱ्हायचं त्येवढं दिलं न्हाई. मला वाटलं, त्यात काय सांगायचं. आता सांग, कुणाची?"

"तुमची," मी म्हणाले. "पण त्यांना कळायला हवं कुठे चुकलं. लपवायचं कशाला?"

"सुनंदा, तू आन मी कोल्हापुरात ऱ्हातो. ती त्या गावात ऱ्हाती. उद्या डेअरीच्या रांगंत एकादी म्हणंल, हिच्या टेपापायी आमची पाच वर्सं गेली. ती जन्मभर तेवढंच ऐकत बसंल. माझं काय, दोन घंटं शिव्या खाईन आन एसटीत बसंन."

मला ते पटलं नाही. अक्का काही काचेची नव्हती. पण पाच वाजत आले होते. "बरं," मी म्हणाले, वाद संपवायला म्हणतात तसं.

"बरं न्हवं. सांगणार न्हाईस म्हण."

"नाही सांगणार."

पुढच्या बैठकीत सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं गणित चुकलं. लाकूड मी म्हणलं तेवढं भरल्यालं न्हाई. आत्ता तोडलं तर मातीमोल जाईल. अजून चार वर्सं थांबाय लागंल." मोजणीचा शब्द काढला नाही. मी शेजारी बसून सतरंजीचा दोरा ओढत होते.

पुरुष चिडले, एकमेकांत बोलत राहिले. अक्का मात्र सरळ सरांपुढे येऊन उभी राहिली. "नुसतं चुकलं म्हणून म्हशीचं प्वाट भरतंय व्हय, सायेब? तुमचं गणित चुकलं, भारा आमच्या डोक्यावर. एक दिस उचलून बघा की. मग कळंल चार वर्सं म्हंजे काय."

बायका हसल्या. सरांनी चष्मा काढून खिशात घातला. "चला," म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी खिंडीपलीकडून गवताचा भारा आणला. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, डोक्यावर अक्कानं दिलेली चुंबळ. दोनदा बसले, एकदा भाऱ्यासकट आडवे झाले, आणि बायकांनी तोंडावर पदर घेऊन हसून घेतलं. पण आणला. अक्काच्या गोठ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "लई शिव्या बसल्या. बरं वाटलं."

मला वाटलं, झालं, फिटलं. पण दर वर्षी पाऊस सरला, गवत कापणीला आलं की सर भैरेवाडीला जायचे आणि एक भारा आणायचे. कुणी बोलावत नसे. बायकांनी त्याचा सणच केला. "आलं बघा, आमचं गवत खाल्ल्यालं!" अशी आरोळी खालच्या वळणापासूनच ऐकू यायची. अक्का मुद्दाम थोरला भारा बांधायची. "गणितवाल्याला मापात नको, जादाच द्या." सर मोठ्यानं हसायचे. गाडीत बसल्यावर मात्र बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "तिला वाटतंय मी तिच्या चेष्टेला हसतोय. मला तिच्याकडं बघाय हुत न्हाई म्हणून हसतोय." मी म्हटलं, मग सांगून टाका आणि मोकळे व्हा. "मी मोकळा हुयाला तिला अडकवू?"

एरवी काम चालूच होतं. त्या वर्षांत सरांनी सगळं मॉडेल नव्यानं मांडलं, मोजणीच्या सूचना पानभर लिहिल्या, पहिली ओळ जाड ठशात: उतारावर वरच्या अंगाला उभे राहावे. विद्यार्थ्यांना घोटून घेत. एखाद्यानं विचारलं, सर, एवढं काय त्यात, तर अंगावर ओरडत. मग स्वतःच चहा पाजत.

गेल्या वर्षी मी बरोबर गेले होते. भारा त्यांनी आणला, नेहमीपेक्षा वेळ लागला. टाकला, पाणी प्यायले, बायकांशी चार चेष्टेचे शब्द बोलले. एसटीत बसल्यावर मी पाहिलं तर तळहात छातीवर दाबून धरलेला, कपाळावर घाम.

"काय होतंय?"

"कळ आलती जराशी. वर खिंडीतच आलती."

"मग तिथंच टाकायचा भारा!"

"टाकला आसता तर अक्काला कळलं नसतं व्हय?" म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. स्टँडवरून रिक्षानं थेट दवाखान्यात. औषधं सुरू झाली, डॉक्टरांनी चढ वर्ज्य केला. दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. भाऱ्याचा आणि याचा संबंध जोडू नका, वय होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी संख्याशास्त्र शिकवलेली बाई आहे. एकाच माणसावरून संबंध आहे असं सिद्ध करता येत नाही, तसं नाही असंही करता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्याजवळ एक वाक्य होतं. ते मी अक्काला त्या चार वर्षांत कधीही सांगितलं असतं तर भारा तिथंच थांबला असता. मी दिलेला शब्द पाळला. तो पाळणं बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. न पटलेली गोष्ट मी एरवी कुणासाठी करत नाही.

चार वर्षं संपली होती. तोडीआधीची मोजणी माझ्याकडे आली. सरांनी मागे बजावून ठेवलं होतं, या वेळी अक्काच्या हातात टेप द्यायचा नाही. पण कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या, विद्यार्थी मिळेनात, आणि तो उतार त्या बायकांइतका कुणाच्या पायाखालचा नाही. मी अक्कालाच निरोप पाठवला. व्यवहाराची गोष्ट होती.

सकाळी सगळ्या जमल्या. मी काठ्या वाटल्या आणि म्हटलं, "या वेळी वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. काठी वरच्या बाजूला रोवायची."

"का?" अक्कानं विचारलं.

"तसंच मोजायचं असतं."

"मागं आमी खालनं मोजलं हुतं."

मी टेप उलगडायला घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाकीच्या बायकांना म्हणाली, "तुमी व्हा म्होरं," आणि त्या पांगल्यावर जवळ आली.

"सायबांचं चुकलं त्ये ह्येच व्हय?"

खोटं बोलायला जागा होती. मॉडेल, पाऊस, जमिनीचा कस, काहीही सांगितलं असतं. तिला पटलं नसतं, पण तिनं परत विचारलं नसतं. सर असते तर त्यांनी तेच केलं असतं. मी म्हणाले, "हो. पण वरून मोजायचं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सर स्वतः म्हणायचे, चूक त्यांचीच."

"त्यास्नी ठावं हुतं?"

"पहिल्या दिवसापासून."

अक्का खाली बसली. सुयांच्या थरावर, काठी मांडीवर आडवी घेऊन. रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, भडकली. "आन मग मला का न्हाई सांगितलं? मी काय कुकुलं बाळ हुते? चूक माझ्या हातची, आन ती डोक्यावर घिऊन ह्यो बाबा दर साली यिऊन नाचला! मी त्येला थोरला भारा बांधून दिला गं. थोरला. मुद्दाम."

"त्यांना वाटलं, गावात तुम्हाला बोल लागेल."

"लागला आसता! लागंना! बोल ऐकून कोण मरतंय?" ती थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन तू? तुलाबी ठावं हुतं न्हवं?"

"हो."

"दर साली संगं यायचीस."

"दर साली नाही. पण आले होते."

ती उठली. काठी घेऊन पहिल्या झाडाच्या वरच्या अंगाला गेली. पाय निसटला, दुसऱ्या हातानं खोड धरलं, काठी रोवली. "वाच," म्हणाली.

दिवसभर मोजलं. आकडे ठीक आले, मॉडेलच्या जवळपास. पुढच्या हंगामात तोड लागेल, निम्मा उतार गवताला जाईल. दुपारी भाकरी खाताना अक्कानं सगळ्या बायकांना स्वतःच सांगून टाकलं, टेप माझाच खालनं लागला हुता, सायबांचा काय दोष न्हवता. एक जण म्हणाली, आमीबी हुतोच की संगं. म्हणजे सर ज्याला चार वर्षं भीत होते ते भाकरीबरोबर उरकलं. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं. सरांना दिलेला शब्द मोडला होता आणि जगबुडी झाली नव्हती. पण मला आठवत होतं ते बायकांबरोबर बसून हसणारे सर, आणि हे एवढं सोपं होतं हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. ते मी त्यांना चार वर्षांपूर्वी हट्टानं पटवायला हवं होतं. मला तेव्हा बस होती.

संध्याकाळी अक्का मला सोडायला थांब्यापर्यंत आली. थांब्यावर दगडावर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"गेल्या वर्सी भारा टाकला तवा त्वांड लई उतरल्यालं दिसलं मला त्यांचं," ती म्हणाली. "मी म्हणलं, काय सायेब, म्हातारं झालासा. तर हसलं नुसतं." आणि मग माझ्याकडे न बघता, "काय तरास झालता काय गं त्यास्नी त्या दिशी? तू संगं हुतीस म्हणून इचारते."

गाडी खालच्या वळणावर दिसायला लागली होती.

"नाही," मी म्हणाले. "काही त्रास नव्हता. गाडीत बसले आणि कोल्हापूर येईपर्यंत झोपले."

"खरं?"

"खरं."

"मग बरं हाय," अक्का म्हणाली, आणि गाडीला हात करायला उठून पुढे झाली.